कोणतं वाद्य कोणता क्लेफ वाचतं?

लग्नसराई सुरू झाली की खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूरच्या रस्त्यांवर बँडपथकं दिसू लागतात. पुढे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट, त्यांच्या मागे सॅक्सोफोन, पोटाशी धरलेलं भलंमोठं युफोनियम, बाजूला साइड ड्रम आणि गळ्यात अडकवलेला बेस ड्रम. यातलं जवळजवळ प्रत्येक वाद्य युरोपातून लष्करी बँडच्या वाटेने आपल्याकडे आलं. वाद्यांबरोबर गणवेश आला, बँडमास्तर आला. आला नाही तो स्वरांचा कागद. वरातीपुढे चालणाऱ्या बँडवाल्यांसमोर कागद नसतो. मास्तर नव्या गाण्याची ओळ क्लॅरिनेटवर किंवा ट्रम्पेटवर वाजवून दाखवतो आणि बाकीचे ती कानाने उचलतात. सबंध हंगामाची गाणी अशीच पाठ होतात.

हीच वाद्यं लष्करी बँडमध्ये वाजतात तेव्हा प्रत्येक वादकासाठी पाच आडव्या रेघांवर लिहिलेला स्वतंत्र कागद तयार असतो. त्या रेघांच्या डाव्या टोकाला एक चिन्ह असतं. त्याला क्लेफ म्हणतात. क्लॅरिनेटच्या कागदावर एक क्लेफ, ट्रॉम्बोनच्या कागदावर दुसरा, ड्रमच्या कागदावर तिसराच. शिकायला बसलेल्या मुलाला पहिला प्रश्न पडतो तो इथेच: माझ्या वाद्याचा क्लेफ कोणता, आणि तोच का?

उत्तर म्हणून एक यादी देता येते आणि ती पाठही होते. पण त्या यादीमागे कारणं आहेत. वाद्य किती खाली आणि किती वर जातं, वाजवणाऱ्याच्या बोटांची सोय कशात आहे, आणि ते वाद्य कोणाच्या सोबतीला वाजत आलं, या तीन गोष्टींतून ती यादी घडली. हार्मोनियमची पट्टी ओळखणाऱ्या माणसाला ही कारणं समजायला जड जात नाहीत.

रेघेला स्वर देणारं चिन्ह

पाच रेघा आणि त्यांच्यामधल्या चार जागा मिळून नऊ स्वर मावतात. सर्वांत वरच्या रेघेच्या डोक्यावर एक आणि सर्वांत खालच्या रेघेच्या पोटाशी एक धरला तर अकरा. पण नुसत्या रेघांना कुठल्याच स्वराचं नाव नसतं. क्लेफ एवढंच करतो: एका रेघेवर बोट ठेवून सांगतो, हा अमुक स्वर. एक रेघ ठरली की वरखाली मोजत बाकीच्या आपोआप ठरतात.

स्वर ठरवून देणारे तीन प्रकारचे क्लेफ आज वापरात आहेत. हार्मोनियमवर पांढरी एक पट्टी धरू आणि मध्य सप्तकाचा सा त्या जागी मानू. पाश्चात्त्य पद्धतीत याच स्वराला मध्य सी म्हणतात. त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २६२ असते. ट्रेबल क्लेफचं वळणदार चिन्ह खालून दुसऱ्या रेघेभोवती गुंडाळलेलं असतं आणि ती रेघ या सा-च्या वरच्या पंचमाची, म्हणजे पाश्चात्त्य जी या स्वराची होते. बेस क्लेफच्या शेजारचे दोन ठिपके खालून चौथ्या रेघेच्या वरखाली बसतात आणि ती रेघ मंद्र मध्यमाची, म्हणजे एफ या स्वराची होते. तिसरा सी क्लेफ. त्याच्या मधल्या खाचेत जी रेघ येते ती थेट मध्य सा-ची.

यात एक सुरेख समतोल आहे. मध्य सा-पासून पाच स्वर वर चढलं की पंचम येतो, पाच स्वर खाली उतरलं की मंद्र मध्यम येतो. म्हणजे ट्रेबल आणि बेस हे दोन क्लेफ एकाच सा-च्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर उभे आहेत. ट्रेबलच्या पाच रेघा वर, बेसच्या पाच रेघा खाली, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये एकाच जादा रेघेवर मध्य सा. अकरा रेघांची ही रचना पियानोच्या प्रत्येक कागदावर दिसते. उजवा हात साधारणपणे वरच्या पाच रेघा वाचतो, डावा हात खालच्या.

रेघांना स्वर देण्याची ही कल्पना हजार वर्षांपूर्वीची आहे. अकराव्या शतकात इटलीतल्या आरेझ्झो गावी ग्विदो नावाचा ख्रिस्ती मठातला संगीतशिक्षक होता. गाणाऱ्या मुलांना एकेक स्तोत्र कानाने पाठ करवण्यात वर्षं जातात, हे पाहून त्याने रेघांवर स्वर लिहायची पद्धत बसवली. एफची रेघ लाल, सीची पिवळी, आणि सुरुवातीला त्या स्वराचं अक्षर. पुढच्या शतकांत लेखनिकांच्या हातून त्या अक्षरांना वेलांट्या फुटत गेल्या आणि आजची क्लेफची चिन्हं तयार झाली. पूर्वी हे क्लेफ एका रेघेवर खिळलेलेही नव्हते. ज्या गळ्याचा जसा पल्ला, त्याप्रमाणे सी क्लेफ वेगवेगळ्या रेघांवर सरकवत. उद्देश एकच होता, गाणाऱ्याचे स्वर शक्यतो पाच रेघांच्या आत राहावेत. क्लेफच्या सगळ्या कारभाराचं मूळ इथे आहे.

आपल्या स्वरलिपीला क्लेफ का लागला नाही

मराठी संगीतशिक्षणात दोन स्वरलिपी रुळल्या. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'च्या क्रमिक पुस्तकांत वापरलेली एक, आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी रूढ केलेली दुसरी. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या परंपरेतल्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांना आजही वऱ्हाडातली मुलंमुली बसतात आणि स्वरलिपी लिहायला तिथेच शिकतात.

भातखंडे लिपीत स्वराखाली टिंब आलं तर मंद्र, वर टिंब आलं तर तार, काहीच नसलं तर मध्य सप्तक. पलुस्कर लिपीत मंद्राचं टिंब वर येतं आणि तार सप्तकाला उभी रेघ मिळते. दोन्हींत स्वराचं अक्षर समोरच लिहिलेलं असल्यामुळे रेघेला नाव देण्याचा प्रश्न उरत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपला सा फिरता आहे. काळी एकमध्ये गाणारी आणि काळी पाचमध्ये गाणारी बंदिशीचा तोच कागद वाचतात. सा कुठे धरायचा हे गाणाऱ्याचा गळा ठरवतो, कागद नाही.

एक गायक, त्याच्या पट्टीत मिळवलेला तंबोरा, त्याच पट्टीत हार्मोनियम आणि त्याच सा-ला लावलेला तबला, एवढ्या मेळासाठी ही व्यवस्था पुरेपूर आहे. क्लेफची गरज पडते ती दुसऱ्या परिस्थितीत. तीस-चाळीस वाद्यं एका वेळी वाजणार, प्रत्येकाची ओळ वेगळी असणार, काही वाद्यं अतिमंद्रात आणि काही अतितारात असणार, आणि सगळ्यांचे स्वर एकमेकांशी ठरलेल्या अंतरावरच जुळायला हवेत. तिथे प्रत्येक स्वराची जागा नक्की लागते आणि तरीही प्रत्येकाचा कागद सुटसुटीत राहावा लागतो. दोन्ही गरजा क्लेफ भागवतो.

वरातीतला बँड कागदाशिवाय चालतो त्याचं एक कारण यात सापडतं. तिथे क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि युफोनियम बहुतेक वेळा एकच चाल वाजवतात, कोणी वरच्या सप्तकात, कोणी खालच्या. चाल एक असली की कान पुरतो. प्रत्येकाला निराळी ओळ दिली की मात्र लिहिण्यावाचून गत्यंतर नसतं.

उंच, खोल आणि मधली वाद्यं

आता यादीकडे वळू, पण कारणांसकट.

उंच पल्ल्याची वाद्यं ट्रेबल क्लेफ वाचतात. व्हायोलिनची सर्वांत खालची तार मंद्र पंचमाची, सुमारे १९६ कंपनांची. तिथून ते तीन सप्तकांहून अधिक वर जातं. पाश्चात्त्य बासरी मध्य सा-पासून सुरू होते. ओबो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, कॉर्नेट, फ्रेंच हॉर्न, मँडोलिन, माउथ ऑर्गन ही सगळी ट्रेबलच्या घरातली. बॅगपाइपचे नऊ स्वरही ट्रेबलमध्येच लिहितात. बिगुलाला तर कळ किंवा छिद्र काहीच नसतं. ओठांच्या ताणावर नैसर्गिक स्वर तेवढे निघतात. परेडवरच्या बिगुलाच्या सगळ्या हाका पाच स्वरांत बसतात: सा, प, तार सा, तार ग, तार प. तेही ट्रेबलमध्ये.

खोल पल्ल्याची वाद्यं बेस क्लेफ वाचतात. चेलोची सर्वांत खालची तार ६५ कंपनांची, म्हणजे मध्य सा-च्या दोन सप्तकं खाली. ट्रॉम्बोन, बसून, ट्युबा, डबल बेस आणि बेस गिटार यांचाही मुक्काम तिथेच. डबल बेस तर इतका खोल आहे की बेस क्लेफही त्याला अपुरा पडतो. त्याच्या चार तारांतली सर्वांत खालची सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची. ती आहे त्या जागी लिहायची तर पाच रेघांच्या खाली जादा रेघांची रांग लावावी लागेल. म्हणून त्याचे स्वर एक सप्तक वर लिहितात आणि वाजतात एक सप्तक खाली. गिटारबाबतही तसंच. ती ट्रेबलमध्ये लिहितात, पण ऐकू येते लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली.

मधल्या पल्ल्याचं वाद्य म्हणजे व्हायोला. दिसायला व्हायोलिनसारखं, अंगाने थोडं मोठं. त्याची खालची तार मंद्र सा-ची. ती ट्रेबलमध्ये लिहायला गेलं तर स्वर चार जादा रेघांच्याही खाली लोंबतो. बेसमध्ये लिहिलं तर वरच्या ताना पाच रेघांच्या कितीतरी वर निघून जातात. म्हणून व्हायोलासाठी सी क्लेफ मधल्या रेघेवर बसवतात. त्याला आल्टो क्लेफ म्हणतात. आजच्या वाद्यवृंदात आल्टो क्लेफ नेहमी वाचणारं मुख्य वाद्य व्हायोला हेच आहे.

सी क्लेफ खालून चौथ्या रेघेवर बसवला की टेनर क्लेफ होतो. त्याचा कायमचा रहिवासी कोणी नाही. चेलो, बसून आणि ट्रॉम्बोन एरवी बेस वाचतात. त्यांची ओळ वर चढू लागली की तेवढ्या भागापुरता टेनर क्लेफ येतो. चेलो आणखी वर गेलं तर ट्रेबलही वाचतं. म्हणजे एका वाद्याला एकच क्लेफ असा नियम नाही. जिथे स्वर रेघांच्या आत मावतील तो क्लेफ.

पियानो, हार्प आणि मोठा पाइप ऑर्गन यांचा पल्ला एका क्लेफात मावतच नाही. पियानोच्या ८८ पट्ट्या २७.५ कंपनांपासून ४१८६ कंपनांपर्यंत पसरलेल्या आहेत. म्हणून ट्रेबल आणि बेस एकाखाली एक. पाइप ऑर्गनला पायाने वाजवायच्या पट्ट्याही असतात, त्यांच्यासाठी आणखी एक बेस क्लेफ, म्हणजे पाच रेघांचे तीन संच. आपल्या हार्मोनियमवर एक हात भात्यावर असतो आणि वाजवणारा हात एकच, त्यामुळे त्याची चाल लिहायला बहुधा एकटा ट्रेबल पुरतो. संगीत नाटकांतला पायाने हवा भरायचा ऑर्गन दोन्ही हातांनी वाजतो. तो पूर्ण लिहायचा तर दोन्ही क्लेफ लागतात.

मृदंग, ढोल, साइड ड्रम, टाळ यांचं काय? शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना खामगावात येते आणि तिथून शेगावची शेवटची वाट चालते, तेव्हा रस्ता टाळ-मृदंगाने भरून जातो. त्या नादाला लय आहे, बोल आहेत, पण सारेगमची चाल नाही. अशा वाद्यांसाठी पाश्चात्त्य लिपीत दोन जाड उभ्या रेघांचं तटस्थ चिन्ह वापरतात. तिथे रेघ स्वर सांगत नाही, आघात कशावर करायचा ते सांगते. ड्रमसेटमध्ये खालच्या जागेत बेस ड्रम, खालून तिसऱ्या जागेत स्नेअर, वर फुलीच्या खुणेने झांजा. आपल्या पखवाजाचे बोल अक्षरांत लिहिण्याची पद्धत याहून अधिक बारकावे पकडते, कारण त्यात हाताच्या प्रत्येक आघाताला स्वतःचं नाव आहे. मात्र टिम्पानी हे मोठं नगारा-वाद्य ठरावीक स्वराला लावतात, म्हणून ते ड्रम असूनही बेस क्लेफ वाचतं. कसोटी वाद्याच्या जातीची नाही, त्यातून निघणाऱ्या स्वराची आहे.

काळी पाचचा क्लॅरिनेट

इथपर्यंत सगळं पल्ल्यावर चाललं. बँडमध्ये मात्र दुसरी एक गोष्ट येते आणि नवशिके तिथे अडखळतात.

बँडमधला नेहमीचा क्लॅरिनेट बी फ्लॅटचा असतो. त्याच्या कागदावर सी लिहिलेला असतो, वादक सी-ची बोटं धरतो, आणि ऐकू येतो बी फ्लॅट, म्हणजे हार्मोनियमची काळी पाच. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनही बी फ्लॅटचे. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, म्हणजे काळी दोनचा. लिहिलेलं एक आणि वाजणारं दुसरं, हे पाहून मुलं गोंधळतात.

बासरी वाजवणाऱ्याला मात्र यात नवल वाटायला नको. बासरी विकत घेताना आपण पट्टी सांगून घेतो, पांढरी दोनची की काळी चारची. बासरी बदलली तरी सा-ची बोटं तीच राहतात. सा तेवढा वर किंवा खाली सरकतो. सॅक्सोफोनच्या घराण्याची रचना नेमकी हीच आहे. आदोल्फ साक्स याने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्या मनात एक वाद्य नव्हतं, लहानापासून मोठ्यापर्यंत पूर्ण घराणं होतं. सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन, सगळ्यांची बोटं जवळजवळ सारखी. म्हणून सगळ्यांचा क्लेफही एकच ठेवला, ट्रेबल. बॅरिटोन सॅक्सोफोन चेलोइतका खोल गुरगुरतो, तरी कागद ट्रेबलचा. एक वादक सकाळी आल्टो आणि संध्याकाळी बॅरिटोन वाजवू शकतो, डोळ्यांना आणि बोटांना नवं काही शिकवावं लागत नाही. सा कुठे पडतो याचा हिशेब कागद लिहिणारा करतो.

म्हणजे क्लेफ ठरवताना पल्ल्याइतकाच वादकाच्या सोयीचाही विचार झाला आहे. दोन्हींत ओढाताण झाली तेव्हा बँडच्या जगाने सोयीची बाजू घेतली.

युफोनियमचे दोन कागद

ब्रिटिश ब्रास बँडने ही सोय शेवटपर्यंत नेली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या खाणी आणि गिरण्यांच्या गावांत कामगारांचे बँड उभे राहिले. माणसं कमीजास्त व्हायची, कॉर्नेटवाल्याला उद्या टेनर हॉर्न हातात घ्यावा लागायचा, परवा ट्युबा. या वाद्यांना बहुधा तीन कळा असतात आणि कळांचा क्रम सारखाच चालतो. म्हणून त्या बँडमध्ये कॉर्नेटपासून ट्युबापर्यंत सगळे ट्रेबल क्लेफ वाचतात. अपवाद बेस ट्रॉम्बोनचा आणि स्वर नसलेल्या तालवाद्यांचा.

युफोनियम या दोन परंपरांच्या मधोमध उभं आहे. ब्रास बँडमध्ये ते बी फ्लॅटच्या ट्रेबलमध्ये लिहितात आणि ऐकू येतं लिहिल्यापेक्षा एक सप्तक आणि एक स्वर खाली. मोठ्या वाद्यवृंदाच्या किंवा लष्करी बँडच्या कागदावर तेच वाद्य बेस क्लेफमध्ये, आहे त्या स्वरात लिहिलेलं असतं. जाणकार वादक दोन्ही वाचतो.

अनुभवी बँडवाले यावर एक युक्ती वापरतात. ई फ्लॅटच्या वाद्यावर बेस क्लेफचा कागद वाचायची वेळ आली तर तो ट्रेबल आहे असं समजून वाचायचं आणि तीन शार्प, म्हणजे स्वर अर्ध्या पायरीने चढवणाऱ्या खुणा, वाढवायच्या. रेघेवरची जागा आणि बोटं बरोबर जुळतात. तसंच बी फ्लॅटच्या ट्रेबलची सवय असलेल्याला टेनर क्लेफ जवळजवळ फुकट मिळतो: रेघा त्याच, फक्त दोन शार्पचा हिशेब सांभाळायचा. क्लेफ आणि पट्टी या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत हे या युक्त्यांतून लख्ख दिसतं.

मराठी मुलखातला पाच रेघांचा कागद

ही विद्या मराठी माणसाला परकी राहिली असं नाही. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांनी आपल्या दरबारात युरोपीय वाद्यांचा बँड ठेवला होता आणि युरोपातून छापील संगीत मागवलं होतं. त्या कागदांचा संग्रह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. मराठी बोलणाऱ्या दरबारात पाच रेघांचा कागद दोनशे वर्षांपूर्वी पोचला होता.

गोव्यात तो त्याहूनही आधी आला. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत मुलांना गाणं, व्हायोलिन आणि रेघांवरचे स्वर वाचणं शिकवत. त्या शिक्षणातून तयार झालेले गोवेकर वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधायचा, आणि अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे जाणकार ती चाल वाद्यवृंदासाठी उलगडून लिहायचे. व्हायोलिनला ट्रेबल, व्हायोलाला आल्टो, चेलोला बेस, ट्रम्पेटला बी फ्लॅटचा ट्रेबल. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'सारख्या (१९५१) चित्रपटांतल्या गाण्यांना जो पाश्चात्त्य बाज आहे, त्यात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोवेकरांचा हात होता. बुलढाण्याच्या वरातीत क्लॅरिनेटवर जी जुनी गाणी वाजतात, त्यांतली कितीतरी मुळात अशा कागदांवरून वाजली आणि मग तबकडीतून कानाच्या वाटेने गावोगावच्या बँडवाल्यांकडे आली.

कागदाची गरज किती मोठी असू शकते हे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) यांनी अनुभवलं. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताची चर्चा सुरू झाली तेव्हा 'वंदे मातरम्' वाद्यवृंदावर आणि बँडवर नीट वाजत नाही असा आक्षेप पुढे आला. मास्तरांनी तो खोडून काढायचा ध्यास घेतला. झिंझोटी रागात त्यांनी बांधलेली चाल बँडच्या जाणकारांच्या मदतीने पाश्चात्त्य लिपीत उतरवून घेतली, बँडवर वाजवून घेतली आणि दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांपुढे मांडली. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत झालं आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान मिळाला. भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत तयार झालेल्या, गंधर्व नाटक मंडळीत वावरलेल्या या गवयाने ओळखलं होतं की चाल कितीही गोड असली तरी देशभरच्या बँडांनी ती एकसारखी वाजवायची असेल तर प्रत्येक वाद्याचा कागद तयार करावा लागतो.

कानाच्या जोडीला डोळा

सैलानीच्या यात्रेतला संदल असो, देऊळगाव राजाच्या बालाजीचा उत्सव असो, की उन्हाळ्यातली लग्नं असोत, बुलढाणा जिल्ह्यात वाजवणाऱ्या हातांची कमी नाही. बँडपथकातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा एकदा ऐकलेलं गाणं संध्याकाळपर्यंत वाजवतो. ही तयारी मोठी आहे. संगीताच्या शाळेत वर्षानुवर्षं घालवूनही पुष्कळांना ती साधत नाही. त्याच्याकडे नाही तो फक्त कागद वाचण्याचा सराव, आणि तेवढ्यामुळे त्याच्या पुढची काही दारं बंद राहतात. मध्य प्रदेशातल्या पचमढीला भारतीय सैन्याचं संगीत प्रशिक्षण केंद्र १९५० पासून आहे. लष्करी बँडचे वादक आणि बँडमास्तर तिथे घडतात आणि तिथली भाषा पाच रेघांचीच आहे. वाद्यवृंद, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ, शाळांची बँडपथकं, परदेशी संगीत मंडळांच्या परीक्षा, सगळीकडे कागद वाचता येणाऱ्याला मागणी असते.

शिकायला सुरुवात कुठून करावी? क्लॅरिनेट, ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन हातात असेल तर प्रश्नच नाही, ट्रेबल. आपलं वाद्य बी फ्लॅटचं की ई फ्लॅटचं हे पहिल्याच दिवशी समजून घ्यावं आणि त्याचा सी हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीवर पडतो ते वाजवून पडताळावं. ट्रॉम्बोनवाल्याने बेसपासून सुरुवात करावी. युफोनियमवाल्याने आधी ट्रेबल शिकावा, कारण सोबतच्या ट्रम्पेटवाल्याचा कागद त्याला लगेच वाचता येईल. तो हातात बसला की बेस शिकायला घ्यावा. ड्रमवाल्याला स्वर नाहीत, पण मात्रा आणि विश्रांतीची चिन्हं सगळ्यांच्या कागदावर सारखीच असतात, म्हणून त्याने त्यांच्यासोबतच बसावं. सुरुवातीला आपल्याला पाठ असलेलं गाणंच रेघांवर लिहून पाहावं. जे बोटांना येतं ते डोळ्यांना ओळखू येऊ लागलं की क्लेफची भीती राहत नाही.

आणि ज्या मास्तरांनी चाळीस-चाळीस वर्षं वरातींपुढे वाजवलं आहे, त्यांच्या चाली कोणीतरी लिहून घ्यायला हव्यात. क्लॅरिनेटची ओळ ट्रेबलमध्ये, युफोनियमची बेसमध्ये, साइड ड्रमचे ठेके तटस्थ रेघेवर, आणि शेजारी भातखंडे लिपीत सारेगम. त्या चाली आज फक्त त्यांच्या कानात आणि बोटांत आहेत. पाच रेघा वाचायला शिकलेल्या त्यांच्याच पथकातल्या मुलांनी हे काम हाती घेतलं, तर वऱ्हाडचा बँडबाजा जसा वाजतो तसा पुढच्या पिढीच्या हातात जाईल.